त्या 'अर्ध्या'चा प्रश्न

(उलवे येथे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण)



पावसाळ्यात खारकोपर स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या असतात, तिथल्या डबक्यांवर तेलाचे रंग तुम्ही पाहिले असतील. ते रंग ना तेलात असतात, ना पाण्यात. मग येतात कुठून?

बारावीत मी याचं सूत्र पाठ केलं, मार्कही मिळवले. त्या सूत्रात एक 'अर्धा' होता. तो कुठून आला, हे विचारायला माझा हात वर गेला नाही. "एवढंही कळत नाही?" असं कुणी म्हणेल, ही भीती. पुढे इंजिनिअर झालो, नोकरी लागली, तो अर्धा मात्र तसाच राहिला.

आज तो सोडवू. घरी साबणाच्या पाण्यात बांगडी बुडवा आणि काळ्या कापडासमोर उभी धरा. पाणी खाली ओघळतं, तसा वरचा भाग पातळ होतो आणि रंगांचे पट्टे खाली सरकतात. पापुद्रा फुटण्याआधी सर्वांत वरचा भाग काळा दिसतो.

पापुद्र्यावर पडलेला थोडा प्रकाश पुढच्या बाजूवरून परततो, थोडा आत शिरून मागच्या बाजूवरून. अशा दोन लाटा डोळ्यांत येतात. शिखरावर शिखर आलं तर तो रंग उजळतो, शिखरावर खळगा आला तर विझतो. वरचा भाग इतका पातळ, की दोन्ही लाटांच्या वाटेत जवळजवळ फरकच नाही. मग तो उजळायला हवा ना? काळा का?

भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका द्या. लाट उलटी होऊन परत येते. कमी अपवर्तनांकाकडून जास्त अपवर्तनांकाच्या पदार्थावर आदळणारा प्रकाशही असाच उलटतो. पाण्याकडून हवेवर आदळणारा उलटत नाही. म्हणजे एक लाट उलटली, दुसरी नाही, आणि दोघींनी एकमेकींना विझवलं. हाच तो अर्धा!

आता कॅमेऱ्याचं भिंग घ्या. त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटरचा थर देतात. इथे दोन्ही लाटा उलटतात, म्हणून फरक उरतो तो फक्त आत जाऊन येण्याच्या वाटेचा, म्हणजे अर्ध्या लाटेचा. त्यामुळे ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश विझतो आणि भिंगावरची चमक जांभळट दिसते. साबणाचा पापुद्रा जवळपास तेवढ्याच जाडीचा असेल, तर तोच हिरवा उजळतो. नुसतं सूत्र पाठ करणारा इथे फसतो. किती लाटा उलटल्या हे मोजणारा फसत नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात सायन्स घेणारे तुम्हीच पहिले असाल. घरी विचारायला कुणी नसेल, तर वर्गात विचारा. कुणी हसलं तरी विचारा. मी गप्प बसलो आणि एका 'अर्ध्या'साठी पंधरा वर्षं घालवली. तुम्ही उद्याच हात वर करा.