मोटारीच्या पट्टीवर काय लिहिलंय?

हडपसरच्या आमच्या बचत गटानं गेल्या वर्षी मसाल्याची गिरणी घेतली. आम्ही बारा जणी दुकानात गेलो, रंग पाहिला, झाकण उघडून पाहिलं, भावात घासाघीस केली. मोटार मात्र एकीनंही वाकून पाहिली नाही.

गिरणीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत '3 एचपी' असा कागद चिकटवलेला होता. त्यावर भरवसा ठेवून आम्ही कर्ज उचललं. एप्रिलमध्ये मसाल्याची गर्दी सुरू झाली आणि मिरची जरा दमट आली की गिरणी अडायची, मोटार तापून वास सुटायचा. शेवटी वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी मोटारीवरची धातूची पट्टी फडक्यानं पुसली. तिच्यावर होतं 1.5 किलोवॅट. म्हणजे 2 एचपी. पैसे तीनचे, मोटार दोनची! त्या रात्रीच्या बैठकीत कोण कुणाला काय बोललं, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

एचपी म्हणजे अश्वशक्ती. जेम्स वॅटनं वाफेचं इंजिन विकताना गिऱ्हाइकाला कळावं म्हणून घोड्याच्या कामाशी तुलना केली, तिथून हे माप आलं. साधारण 75 किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचलायचं, एवढी ती ताकद. विजेच्या हिशेबात 1 एचपी म्हणजे 746 वॅट. म्हणून पट्टीवर 0.75 किलोवॅट असेल तर एक एचपी, 1.5 असेल तर दोन, 2.2 असेल तर तीन.

ही ताकद मोटारीच्या दांड्यावर मिळते. मीटरमधून वीज त्याहून जास्त जाते, कारण थोडी उष्णतेत वाया जाते. 2 एचपीची मोटार पूर्ण भारावर तासाला पावणेदोन ते दोन युनिट घेते. दळणाचा दर ठरवताना आम्ही हे धरलंच नव्हतं.

मग मोठीच मोटार घ्यावी का? आमच्यातल्या एकीचा भाऊ उजनीच्या पाण्यात मासेमारी करतो. तो म्हणाला, "ताई, आधी होडी बघायची, मग मोटार. लहान होडीला जड मोटार लावली तर मागची बाजू पाण्यात बसते." आमची होडी म्हणजे आमची खोली. तिथलं वायरिंग जुनं, कनेक्शन सिंगल फेज. खरीच 3 एचपीची मोटार आली असती तर वायर तापली असती. आता दोनवरच चालवतो. मिरची कडक वाळवून घेतो, थोडी थोडी टाकतो, आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून जाड वायरचं वेगळं पॉइंट घेतलंय. फरकाचे पैसे मात्र अजून मिळालेले नाहीत. कारण पावतीवर नुसतं 'मसाला गिरणी, 1 नग' एवढंच आहे.

तेव्हा घ्यायला जाल तर पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा, आणि किलोवॅट, फेज व मोटारीचा नंबर पावतीवर लिहून घ्या. आपल्या मीटरचा मंजूर भार किती आणि धंद्याला तो चालेल का, हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा. फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915. आम्ही तो फार उशिरा लावला. तुमच्या गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.