दोर, जीप आणि कललेला आंबा

कवीने झाडावर बोलायचे म्हणजे मोहरावर, सावलीवर, पाखरांवर बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज झाड पाडण्यावर बोलणार आहे.

आमचे घर श्रीवर्धन तालुक्यातले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या परड्यातला जुना रायवळ आंबा मात्र पडला नाही, नुसता कलला. कलला तो नेमका घराकडे. पलीकडच्या बाजूची मुळे माती घेऊन वर आलेली. आंबा तोडायला परवानगी लागते, ती काढली. शेजारी म्हणाले, "भाई, ट्रॅक्टर आणतो. दोर बांधू नि ओढून टाकू."

मी नको म्हटले. मी शाळेत असताना, १९८४ साली, विहिरीजवळचा फणस असाच ओढला होता. दोर ट्रकला बांधला, ड्रायव्हरने हिसका दिला आणि दोर तुटला. तुटलेले टोक माझ्या चाचांच्या गुडघ्यावर बसले. चाचा पुढे तीस वर्षे जगले, पण नमाज पढले ते खुर्चीवर बसून.

शेवटी म्हसळ्याकडचे एक गृहस्थ आले. त्यांच्या जीपला पुढे विंच बसवलेली होती. विंच म्हणजे मोटरवर फिरणारा रूळ नि त्यावर गुंडाळलेला वायररोप. गाडी हिसका देते, विंच इंचाइंचाने ओढते. फरक एवढाच, पण तो फार मोठा. आल्या आल्या त्यांनी हाताएवढ्या लांबीची काठी घेतली, हात सरळ करून ती उभी धरली आणि झाड काठीएवढे दिसेपर्यंत मागे चालत गेले. जिथे थांबले तिथून बुंध्यापर्यंत जेवढे अंतर, तेवढी झाडाची उंची. साधारण पन्नास फूट भरली. त्याच्या आत कुणी यायचे नाही, असे त्यांनी सगळ्यांना बजावले.

मुळे सुटलेल्या झाडावर माणूस चढवायचा नसतो. हलक्या दोरीला वजन बांधून ते वरच्या फांदीवरून टाकले आणि तिच्यामागून जाड दोर ओढून घेतला. दोर जितका उंच, तितके कमी जोराने झाड वळते. परड्याच्या टोकाला, ऐंशीएक फुटांवर, एक दणकट जांभूळ आहे. तिच्या बुंध्याशी रुंद पट्ट्याने पुली बांधली, दोर तिच्यातून काटकोनात वळवला आणि जीप बाजूला उभी केली. म्हणजे झाड ज्या रेषेत पडणार, त्या रेषेत गाडीही नाही नि माणूसही नाही. अशा वळणात पुलीवर दोराच्या सुमारे १.४ पट भार येतो, म्हणून तिथे जुना पट्टा चालत नाही. ताणलेल्या दोरावर दोन ठिकाणी ओली गोणपाटे टाकली. दोर तुटलाच तर त्याची उसळी कमी होते. दोराच्या वळणाच्या आतल्या बाजूला उभ्या राहिलेल्या माझ्या पुतण्याला त्यांनी जो दम दिला, तो इथे सांगण्याजोगा नाही. पुली सुटली असती, तर ती तिकडेच गेली असती.

मला वाटले होते, आता गाडी झाड पाडणार. ते म्हणाले, "पाडणार करवत. गाडी फक्त धरणार." आधी दोर ताठ केला, मगच करवत लागली. ज्या बाजूला पाडायचे तिकडे खाच, मग पाठीमागून काप. पण मध्ये बिजागरीसारखी लाकडाची पट्टी सोडलेली. तीच झाडाला दिशा देते. ती कापली, की झाड कुणाचेच ऐकत नाही. करवतीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून विंचवाल्याला हाताने खूण करणारा माणूस एकच. थोडे कापायचे, थोडे ओढायचे. आंबा आधी सरळ उभा राहिला, वादळापूर्वी होता तसा. करवतवाला तिरका मागे सरला. मग तो परड्यात आडवा झाला. घराचे एक कौलही हलले नाही.

आम्ही पुढे धावणार, तोच त्या गृहस्थांनी दोन्ही हात पसरून अडवले. दोर सैल होईस्तोवर थांबायचे. तेवढ्यात खोडाचा भार गेलेला खुंट उचललेल्या मुळांसकट धप्पकन पुन्हा खड्ड्यात बसला. सकाळी त्याच खड्ड्यात शेजारची दोन पोरे लपून बसली होती.