हरेगावचा खंड, कुरुळीचा भाडेपट्टा



कारखान्यासाठी गेलेल्या जमिनीचा हिशेब कुरुळीत मांडायचा, तर आधी हरेगावकडे पाहावे लागते. श्रीरामपूरजवळच्या या गावी, प्रवरा कालव्याच्या पाण्यावर, बेलापूर कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर साखर कारखाना उभारला. दख्खनमधील आधुनिक साखरधंद्याच्या आरंभीच्या कारखान्यांपैकी तो एक. कारखान्याला सलग ऊसमळे हवे होते; म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेण्यात आल्या. शेतकरी मालक राहिला, पण खंड घेण्यापुरता.

१९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. साखर कंपन्यांचे मळे सरकारने घेतले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे सोपवले. मळ्यांचे तुकडे पडले तर कारखाने उसावाचून अडतील, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. परंतु मोठ्या धारकाला आवर घालण्यासाठी केलेल्या कायद्यात थोड्या एकरांचा खंडकरीही अडकला, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे! कॉम्रेड माधवराव गायकवाड आदींनी खंडकऱ्यांचा लढा दशकानुदशके चालवला. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर जमिनी परत मिळू लागल्या. तोवर मूळ मालकांची पिढी बहुतेक सरली होती. हाती खंडाचा कागद होता, म्हणून तो लढा वारसांना पुढे नेता आला.

पण त्याच मळ्यांत ज्यांनी लागण केली, रात्री-अपरात्री दारे धरली, खुरपणी केली, त्या कामगारांचे नाव कोणत्या उताऱ्यावर होते? मळ्यांवरील चाळींत आयुष्य काढलेल्या या माणसांना महामंडळाकडे थकलेली देणी आणि राहत्या घरापुरती जागा मागत राहावे लागले.

कुरुळी-चाकणच्या पट्ट्यात खंड नाही. औद्योगिक विकास महामंडळ जमीन कायमची संपादन करते आणि भूखंड कारखान्यांना ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. म्हणजे भाडेपट्टा आहे. शेतकरी तेवढा त्यातून वगळला गेला. त्याच्या हाती मोबदला आला, काहींनी त्यातून खोल्या बांधल्या. त्या खोल्यांतून मराठवाड्याचा, विदर्भाचा, उत्तर प्रदेश-बिहारचा कंत्राटी कामगार राहतो. कारखाना उद्या हलला, तर हा कामगार कोणता कागद दाखवणार? पुष्कळदा त्याचे ओळखपत्रही ठेकेदाराचे असते, आणि ठेकेदार बदलला की नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते.

कार्यकर्त्यांनी खोल्याखोल्यांतून आधी हेच विचारावे: नेमणूकपत्र आहे काय, हजेरीची नोंद कोणाकडे आहे, भविष्यनिर्वाह निधीत रक्कम भरली जाते काय.