फडकें मारण्यापूर्वीं

दसऱ्याच्या सकाळीं पुण्यामुंबईच्या कोणत्याहि गृहसंकुलाच्या अंगणांत पाहावें, तों घरोघरच्या मोटारी न्हाऊनमाखून उभ्या असतात. बॉनेटवर कुंकवाचें स्वस्तिक, पुढच्या जाळीला झेंडूची माळ, आंत आपट्याचीं पानें आणि चाकांखालीं लिंबें. वर्षभर ज्यांनीं बादलीला हात लावला नाहीं, असे मालकहि त्या दिवशीं बाह्या सरसावून उभे राहतात. आणि त्याच सकाळीं, ऊन तिरपें असतांना, एखाद्या गृहस्थाचें लक्ष आपल्या दोन वर्षांच्या काळ्या मोटारीकडे जातें. रंगांत दिसणाऱ्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वर्तुळें उमटलेलीं असतात. गृहस्थ बोटानें पुसून पाहतो. तीं जात नाहींत. मग रोज पहाटे गाडी पुसणाऱ्या मामांना हांक जाते.

"मामा, गाडी रोज पुसतां ना?"

"पुसतों कीं साहेब. एक दिवस चुकवला नाहीं, पावसाळ्यांतसुद्धां."

मामांचें उत्तर अक्षरशः खरें असतें. आणि दुर्दैवानें तेंच त्या जाळ्याचें कारण असतें.

मोटारीचा रंग धुळीनें खराब होतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः कोरडी धूळ नुसती बसून राहिली, तर चार दिवसांत रंगाचें फारसें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें ती धूळ फडक्याखालीं दाबून फिरविल्यानें. धुळींत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, सूक्ष्म कण असतात. फ्रीड्रिश मोस या खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं काठिण्याची जी दहा पायऱ्यांची श्रेणी घातली, तींत क्वार्ट्‌झची पायरी सातवी आहे. खिडकीची साधी कांच साडेपांचाच्या आसपास येते. दख्खनच्या काळ्या कातळाची भुकटीहि त्या मानानें फार मागें नाहीं, कारण त्यांतल्या फेल्डस्पारचें काठिण्य सहा आहे. खडी फोडणारीं यंत्रें आणि जागोजाग चाललेलीं बांधकामें यांच्या धुळींत हें सारें आयतें मिळतें. उलट मोटारीचा वरचा लेप कांचेचा नव्हे, तर एका प्रकारच्या प्लास्टिकचा असतो. जो कण कांचेवर चरा पाडूं शकतो, त्याच्यापुढें या लेपाचा काय पाड!

हा लेप किती जाड, हेंहि पाहण्यासारखें आहे. मोटारीच्या जन्मकाळीं रंगकाम व्हार्निशनें होई आणि एकेका गाडीला वाळावयास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ मध्यें अमेरिकेंत ड्यूपाँ कंपनीनें 'ड्युको' नांवाचा नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आणला आणि तें चित्र पालटलें. आपल्याकडील गॅरेजांत मोटारीच्या रंगकामाला पुढें कित्येक वर्षें 'ड्युको मारणें' असेंच म्हणत, तें यावरून. त्या काळच्या रंगाला घासलें तर फडक्याला रंग लागे, आणि मालकाला आपण काय गमावीत आहों तें डोळ्यांनीं दिसे. १९८० नंतरच्या दशकांत मात्र रंगावर आणखी एक पारदर्शक लेप देण्याची पद्धत रूढ झाली. आजच्या मोटारीवर पत्र्यापासून वर गंजरोधक थर, प्रायमर, प्रत्यक्ष रंग आणि पारदर्शक लेप असे चार थर असतात, आणि सर्व मिळून त्यांची जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रॉन. त्यांतला पारदर्शक लेप ४०-५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या एका केसाहून बहुधा पातळच. तो झिजतो तेव्हां फडक्याला कांहींच लागत नाहीं; म्हणूनच तें नुकसान वर्षानुवर्षें कुणाच्या ध्यानीं येत नाहीं.

आतां त्या वर्तुळांविषयीं. मामा गोल हात फिरवितात म्हणून गोल चरे पडले, असें पाहणाऱ्यास वाटतें. तें तितकेंसें खरें नाहीं. चरे सर्व दिशांनीं, वेडेवांकडे पडलेले असतात. पण त्यांतले जे प्रकाशाच्या वाटेला आडवे असतात तेवढेच चमकतात, आणि दिव्याभोंवतीं असे आडवे चरे मिळून वर्तुळाचा भास होतो. डोकें बाजूला केलें कीं वर्तुळेंहि बाजूला सरकतात. पांढऱ्या मोटारीवरहि चरे तितकेच असतात. तिचा रंग तें उणें झांकून नेतो इतकेंच.

मामांची रीत अशी असते. एक बादली, एक जुन्या सदऱ्याचें फडकें आणि सूर्योदयापासून आठ वाजेपर्यंत उरकावयाच्या दहा-बारा मोटारी. पहिल्या मोटारीची धूळ बादलींत उतरते, तेथून दुसरीवर चढते. बाराव्या मोटारीला तर अकरांचा प्रसाद मिळतो. फडकें हातांतून जमिनीवर पडलें कीं झटकून पुन्हा कामाला लागतें. पण यांत मामांना दोष देणें न्यायाचें नव्हे. आठच्या ठोक्याला गाडी चकचकीत दिसली पाहिजे, ही मागणी मालकाची असते. नळी वापरूं नये हा नियम गृहसंकुलाचा असतो, आणि उन्हाळ्यांतली पाण्याची ओढ पाहतां तो योग्यहि आहे. महिन्याकांठीं हातावर ठेवलेल्या रकमेंत दुसरें फडकें बसत नाहीं. ज्या मालकानें लाखों रुपये मोजून गाडी आणली, त्यानें फडक्याची चौकशी कधीं केलेली नसते!

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या दाराशीं मोटार आहे, त्यांनीं प्रथम रोजचें पुसणें बंद करावें. पुढची-मागची कांच आणि आरसे रोज पुसावेत, तेवढें सुरक्षिततेला हवेंच. बाकीचें अंग आठवड्यांतून एकदां नीट धुवावें. रोज अर्धी बादली खर्चून सात दिवसांत जें पाणी जातें, त्यांत एक चांगली धुलाई होते. धुतांना पहिलें पाणी टपावरून तांब्या-तांब्यानें ओतावें आणि हात न लावतां तें ओघळूं द्यावें. सगळी करामत या पहिल्या पाण्यांत आहे. मोकळी धूळ त्याच्याबरोबर निघून जाते. कांहीं मिनिटांनीं, चिखल भिजून सैल झाल्यावर, पुन्हा एकदां तसेंच करावें. मग दोन बादल्या घ्याव्या, एक साबणाच्या पाण्याची व दुसरी साध्या पाण्याची. मायक्रोफायबरचें मऊ फडकें साबणांत बुडवावें, एक दार पुसावें, साध्या पाण्यांत खळबळून धूळ सोडवावी आणि मगच पुन्हा साबणांत घालावें. काम वरून खालीं यावें. चाकें शेवटीं, आणि त्यांचें फडकें निराळें. ब्रेकची जी काळी भुकटी चाकांवर बसते, तींत लोखंडाचे कण असतात. हात जड ठेवूं नये. पिसांची झटकणी तर घरांतल्या तसबिरींसाठीं ठेवावी.

साबणाची गोष्ट थोडक्यांत. कपडे धुण्याच्या पुडींत सोडा असतो. तिनें रंगावरचें मेण उतरतें आणि दारांकडेचें रबर कोरडें पडतें. मोटारीसाठीं निराळा शांपू मिळतो, आणि त्याचें टोपणभर पुरतें. राकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून गाडी चमकविण्याची जुन्या चालकांची युक्ति त्याहून वाईट. चमक येते ती तेलकट असते, आणि संध्याकाळपर्यंत तीच चमक दुप्पट धूळ धरून बसते.

भर उन्हांत मोटार धुऊं नये, हें सर्व सांगतात, पण कारण सांगत नाहींत. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या जड पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. तापल्या पत्र्यावर पाणी क्षणांत उडून जातें आणि क्षार ठिपक्यांच्या रूपानें मागें राहतात. पुढें ते फडक्यानें निघत नाहींत, आणि घासावें तों पुन्हा चरे. म्हणून सकाळीं सावलींत धुवावें आणि पाणी आपोआप सुकण्याआधीं टिपून घ्यावें.

पक्ष्यांची विष्ठा हा एकच मळ असा आहे कीं ज्याला दुसऱ्या दिवसाची वाट पाहावयास लावूं नये. ती आम्लधर्मी असते. शिवाय उन्हानें लेप मऊ होऊन प्रसरण पावतो आणि रात्रीं आकुंचतांना विष्ठेच्या सुकल्या खपलीचाच आकार घेतो, म्हणून पुसल्यावरहि डाग राहतो. नखानें खरवडणें मात्र चुकीचें, कारण तींत बिया व कण असतात. ओलें फडकें पांच मिनिटें वर ठेवावें, मग अलगद उचलावें. मोहोराच्या दिवसांत आंब्याखालीं उभ्या केलेल्या गाडीवर तुडतुड्यांचा चिकटा पडतो, त्यालाहि हीच रीत.

चरे पडून गेल्यावर पॉलिशवाल्याकडे धांव घेतली जाते. पण पॉलिश चरा भरीत नाहीं. चऱ्याच्या तळापर्यंत भोंवतालचा लेप घासून तें सपाटी आणतें. तेलकट पॉलिशांनीं चरे नुसते झांकले जातात व दोन-तीन धुलाईंत उघडे पडतात. खऱ्या पॉलिशनें दर खेपेस लेपांतले एक-दोन मायक्रॉन, खोल चऱ्यांसाठीं त्याहून अधिक, जातात, आणि ते परत येत नाहींत. लेप पुरता पातळ झाला कीं उन्हाला अडविणारा अंश सरतो, आणि टपावर सालपटें निघूं लागतात.

त्या दसऱ्याच्या गृहस्थानें मामांना कामावरून काढणें हा उपाय नव्हे. नवीन माणूस तीच बादली घेऊन येईल. त्यानें मामांना दोन बादल्या व चार फडकीं घेऊन द्यावीं, पगार तोच ठेवून काम आठवड्यांतून एकदां सांगावें, आणि झेंडूची माळ जाळीलाच बांधावी. बॉनेटवर ती वाऱ्यानें घासते. कुंकवाचें बोट कांचेवर लावावें. माळ मात्र त्याच संध्याकाळीं उतरावी, कारण कुजलेल्या फुलांचा डाग काढतांना पुन्हा घासणें आलेंच.