बालवर्गांतील बाक
(सुवर्णमहोत्सवी पालकसभेंतील भाषण)



या महोत्सवांत मंदिराच्या मनोऱ्याविषयीं बरेंच बोलून झालें. मी आज बालवर्गाविषयीं बोलतों.

१९०७ सालीं, ६ जानेवारीस, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत मारिया माँटेसरीबाईंचें बालगृह उघडलें. बाई कॅथलिक, शिक्षणानें डॉक्टर. वैद्यानें रोग्याचें निरीक्षण करावें, तसें त्या मुलांचें करीत. तेथें सुमारें तीन वर्षांची एक मुलगी लांकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठ्या खुंट्या बसवीत होती. काढी, मिसळी, पुन्हां बसवी. बाईंनीं इतर मुलांस गाणें म्हणावयास लाविलें. तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेविलें. तिनें ठोकळा मांडीवर घेतला व काम पुढें चालविलें! चाळिसांहून अधिक वेळां तें झाल्यावर ती आपण होऊन थांबली, आणि चेहरा प्रसन्न होता.

हें मीं सेमिनरींत असतांनाच वाचलें होतें. तरीही शाळेचा कारभार हातीं आल्यावर एका पावसाळ्यांत मी बालवर्गांत शिरलों, तेव्हां सारीं मुलें उभीं राहिलीं. एक मुलगा मात्र फरशीच्या भेगेंत चिंचोके ओळीनें लावीत बसला होता. मीं त्यास दंडाला धरून उभें केलें. त्या दिवशीं तो पुन्हां चिंचोक्यांकडे वळला नाहीं, असें बाईंनीं मला मागाहून सांगितलें. मीं त्यास शिस्त म्हटलें होतें.

आपल्याच जिल्ह्यांत, बोर्डी येथें, १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं खेड्यांतील बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. महागड्या साधनांऐवजीं शिंपले, बिया, पानें मुलांच्या हातीं दिलीं. चिंचोक्यांची योग्यता त्यांना माझ्या आधीं कळली होती.

कांहीं पालक म्हणतात, "फादर, पोर चार वर्षांचें झालें, अजून लिहीत नाहीं." मी विचारतों, तें कशांत रमतें? उत्तर क्वचितच मिळतें.

म्हणून वर्गाच्या दाराशेजारीं एक बाक ठेविला आहे. दर शुक्रवारीं दोघां पालकांनीं वीस मिनिटें तेथें बसावें. बोलूं नये, खुणावूं नये. आपलें मूल आपण होऊन काय उचलतें, किती वेळ त्यांत राहतें, आणि तें कोण मोडतें, एवढेंच पाहावें. गेल्या महिन्यांत मी स्वतः बसलों. तीन वेळां मुलांचें लक्ष मोडलें. तिन्ही वेळां मोडणारीं मोठीं माणसें होतीं, आणि त्यांतील एक मी, खोकल्यामुळें.

पुढच्या शुक्रवारची जागा रिकामी आहे. चपला बाहेर काढून यावें.