कारखाना-निरीक्षक फ्लॉरेन्स केली



इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील एंगल्सचा ग्रंथ आपल्यापैकी अनेकांनी इंग्रजीतून वाचला असेल. तो इंग्रजीत कोणी आणला, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. हे काम फ्लॉरेन्स केली यांचे. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका सदस्याची ही कन्या झुरिक येथे शिकत असता समाजवादी झाली. १८८७ मध्ये अनुवाद न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाला. परंतु आज मला बोलायचे आहे ते त्यांच्या नोकरीविषयी.

पतीपासून विभक्त होऊन, तीन मुलांसह, केलीबाई १८९१ च्या अखेरीस शिकागोच्या 'हल हाउस'मध्ये आल्या. आसपासच्या राहत्या खोल्यांतून चालणारी शिलाईकामे त्यांनी घरोघर हिंडून पाहिली. १८९३ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला : चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी, स्त्रियांना आठ तासांचा दिवस. गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनी मुख्य निरीक्षकपदी केलीबाईंनाच नेमले.

आणि मग खरा अनुभव सुरू झाला. तसबिरींच्या चौकटींना सोनेरी मुलामा देणाऱ्या अकरा वर्षांच्या एका मुलाचा उजवा हात विषारी द्रवाने लुळा पडला. सरकारी वकिलाला खटला भरण्यास सवड नव्हती. केलीबाईंनी काय करावे? त्या स्वतःच कायद्याच्या वर्गात दाखल झाल्या आणि पदवी घेतली! (आपल्याकडे २०२० च्या संहितेने निरीक्षकाला 'सुविधाकर्ता'ही करून टाकले आहे. सुविधा कोणाची, हे संहितेने सांगितले असते तर बरे झाले असते.)

१८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचे कलम रद्द ठरविले. कारण काय, तर करारस्वातंत्र्याचा भंग. हा शब्द मी अर्थशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला. शिलाईच्या खोलीतील बाईला तो कसा ऐकू येत असेल, हे फार उशिरा सुचले. १८९७ मध्ये नवा गव्हर्नर आला आणि केलीबाईंची गच्छंती झाली. त्यांच्या जागी नेमलेला गृहस्थ एका काचकारखान्याच्या पगारपटावरचा होता.

१८९९ पासून राष्ट्रीय ग्राहक संघाच्या सरचिटणीस म्हणून त्यांनी लढा चालू ठेवला. १९०८ च्या ओरेगन खटल्यात स्त्रियांच्या दहा तासांच्या मर्यादेसाठी संघाने शंभरांहून अधिक पानांचे निवेदन सादर केले. त्यात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा. बाकी सारे थकवा, आजार, अपघात यांचे पुरावे. ती मर्यादा टिकली. बालमजुरीविरोधी १९१६ चा संघराज्यीय कायदा मात्र न्यायालयाने १९१८ मध्ये मोडीत काढला. टिकणारा कायदा आला तो १९३८ मध्ये. केलीबाई १९३२ मध्येच निवर्तल्या होत्या.