रक्त वाहते राहावे म्हणून



बोटाला सुई टोचली की काही मिनिटांत रक्त गोठते. निसर्गाचे हे वरदान हृदयाच्या खुल्या शस्त्रक्रियेत मात्र संकट ठरते. हृदयातील छिद्र बुजविताना हृदय थांबवावे लागते. तेवढा वेळ रक्त हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरते. १९५३ साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी असे यंत्र प्रथम यशस्वीपणे वापरले. परंतु यंत्राच्या नळ्यांचा स्पर्श होताच रक्त गोठू लागते, आणि एक गुठळी मेंदूत गेली तर बालक जन्माचे अधू होऊ शकते.

म्हणून आधी हेपॅरिन देतात. साधारणतः दर किलो वजनामागे ३०० ते ४०० युनिट. ते पुरेसे लागू पडले की नाही, हे १९६६ मध्ये डॉ. हॅटर्सली यांनी सुचविलेल्या एसीटी चाचणीने कळते. तीत रक्त गोठण्यास लागणारे सेकंद मोजतात. अनेक केंद्रांत ४८० सेकंदांच्या आसपासचा आकडा गाठल्यावरच यंत्र सुरू होते; पुढेही चाचणी वारंवार होते.

लहानग्यांत ही परीक्षा अधिक कठीण. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम २५० मिलिलिटर रक्त असते. यंत्रातील द्रव मिसळून ते पातळ होते. शरीरही पुष्कळदा थंड केलेले असते. त्यामुळे हेपॅरिन अपुरे असतानाही सेकंद वाढलेले दिसू शकतात. म्हणून जाणकार त्या एकाच आकड्यावर विसंबत नाहीत. रक्तातील हेपॅरिनची मात्रा, रक्तबिंबिका आणि गुठळीचा घट्टपणाही पाहतात. शेवटी प्रोटामाइन देऊन हेपॅरिनचा प्रभाव उतरवितात.

येथे आपल्या समाजातील पालकांना एक प्रश्न पडू शकतो. हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून, तर प्रोटामाइन मूळतः सामन माशापासून मिळते. बायव्हॅलिरुडिन हे कृत्रिमरीत्या बनविलेले औषध आहे. पण त्याचा प्रभाव उतरविणारे औषध नाही, म्हणून ते विशेष प्रसंगीच वापरतात. ही शंका शस्त्रक्रियेच्या सकाळी नव्हे, आधीच डॉक्टरांपुढे मांडावी. बालकाला अ‍ॅस्पिरिन चालू आहे काय, घराण्यात कोणाचे रक्त लवकर थांबत नाही काय, हेही न विसरता सांगावे.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतून बालकांचे जन्मजात हृदयदोष शोधले जातात. अमरावती-अकोल्याच्या खेड्यातून बाळाला घेऊन मोठ्या शहरी निघालेल्या आईबापांना दोन गोष्टी हव्या असतात : धीर आणि रक्तदाते. दोन्ही देणे समाजाच्या हाती आहे. जीवदयेचा याहून सोपा मार्ग कोणता?

जय जिनेंद्र.